दुसरी झोडणी

अहवाल संध्याकाळी पाचच्या आत समितीच्या कचेरीत पोचायला हवा होता, आणि सकाळचे नऊ वाजून गेले तरी धाकटीची सही काही होत नव्हती. यात कुणाला नवल वाटायचं कारण नव्हतं. संशोधन केंद्रात ती संख्याशास्त्राचं टेबल सांभाळायची, पण शंका घेण्याचं काम पगाराशिवायही करायची. घरात तिला शंकाबाईच म्हणत. तिच्यासाठी आलेल्या एका स्थळाची जन्मतारीख तिने तीन ठिकाणांहून पडताळून घेतली होती, आणि तिन्ही ठिकाणी सारखीच निघाली म्हणून तिला आणखी संशय आला होता. ते स्थळ पुढे तिच्या मैत्रिणीला गेलं आणि सुखात आहे.

प्रयोगशेताच्या कडेला असलेल्या त्या घरात जेवणाचं टेबल खिडकीशी होतं. तिथे सगळे जमले होते. एका टोकाला दादा, धाकटीचा थोरला भाऊ, गव्हाचा पैदासकार. अकरा वर्षं खपून त्याने एक वाण तयार केलं होतं. त्याला अजून नाव नव्हतं, सगळे त्याला सत्तावीस नंबर म्हणत. दुसऱ्या टोकाला मामा, म्हणजे आईचे धाकटे भाऊ. ते बियाणं विकायचे, आणि सत्तावीस नंबर बाजारात आलाच आहे अशा थाटात गेले दोन महिने बोलत होते. आई टेबल पुसत होती. ते मघाशीच पुसून झालं होतं. आणि ओट्याला टेकून वहिनी उभी होती, दादाची बायको, दवाखान्यात नर्स. तिने आज सुट्टी घेतली होती आणि सकाळपासून ती फारशी बोलली नव्हती.

सत्तावीस नंबरला ज्याच्याशी टक्कर द्यायची होती तो गहू आप्पांचा, दादाच्या वडिलांचा. आप्पा जाऊन सहा वर्षं झाली, पण त्यांचं वाण अजून जिकडेतिकडे पेरलं जात होतं आणि नव्या प्रत्येक गव्हाला आधी त्याच्याशी ताडून पाहायचा नियम होता. हयातीत बापलेकांचं पटलं नाही ते नाहीच. आता चिठ्ठ्या टाकून आठ वाफ्यांत बाप आणि शेजारच्या आठ वाफ्यांत लेक, अशा आठ जोड्या पेरल्या गेल्या होत्या आणि निकाल काढायचं काम लेकीकडे आलं होतं. दादा महिनाअखेर निवृत्त होत होता. आज अहवाल मंजुरीला गेला तर वाण त्याच्या नावावर लागणार होतं. नाही गेला तर पुढच्या वर्षी चाचणी पुन्हा, त्याच्या खुर्चीत बसणाऱ्या माणसाच्या हाताखाली, आणि नावही त्याच माणसाचं.

"शेवटचा प्रश्न," धाकटी म्हणाली. "कापणी, झोडणी आणि वजन सगळ्या वाफ्यांचं सारख्याच पद्धतीने केलं का?"

"हो," दादा म्हणाला.

"एकाच यंत्रावर?"

"दुसरं यंत्र आहे कुठे आपल्याकडे?"

"लिही गं, हो लिही," मामा म्हणाले. "आकडे तर चांगले आलेत ना? शंभरातून दोन का अडीच, काय ते."

"अडीचच्या आसपास."

गेल्या आठवड्यात याच टेबलावर तिने मामांना ते समजावून सांगितलं होतं. आधी असं धरून चालायचं की या दोन गव्हांत काहीच फरक नाही. मग विचारायचं, फरक नसतानाही केवळ नशिबाने एवढा किंवा याहून मोठा फरक शंभरातून किती वेळा दिसला असता? पाचपेक्षा कमी वेळा, तर म्हणायचं की हे नशीब नव्हे, गहूच सरस आहे. मामांनी मान डोलावली होती आणि त्यांना काहीही कळलं नव्हतं. वहिनी भाजी चिरत होती. तिला मात्र सगळं कळलं होतं, आणि त्या दिवसापासून तिची झोप उडाली होती.

कारण झोडणी सारखी झाली नव्हती. कापणीच्या दिवसांत दादा दुसऱ्या शेतावर असताना आई मागच्या शेडमध्ये गेली होती. यंत्रातून निघालेल्या ओंब्यांत थोडा दाणा अडकून राहतो, हे तिला चाळीस वर्षं माहीत होतं. तिने सत्तावीस नंबरची पोती एकेक उचलून पाहिली. पाच हाताला हलकी लागली. त्या पाच वाफ्यांचे काडाचे गठ्ठे तिने सोडले, काठीने पुन्हा झोडले, आणि निघालेला दाणा पाखडून ज्याच्या त्याच्या पोत्यात भरला. पाखडायला वहिनी होती. प्रत्येक गठ्ठ्यातून तीनशे ग्रॅमच्या आसपास निघाला. दवाखान्यातली सवय, म्हणून वहिनीने प्रत्येक वजन पोत्यातल्या चिठ्ठीच्या मागे पेन्सिलीने लिहूनही ठेवलं. लेकाचा दाणा वाया जाऊ नये, एवढंच आईच्या मनात होतं. आप्पांच्या गठ्ठ्यांना कुणी हात लावला नव्हता.

"आई," धाकटी म्हणाली, "तू शेडमध्ये गेली होतीस का गं?"

आईचं फडकं थांबलं नाही. "मी कशाला जाऊ? मला गुडघे आहेत का शेडमध्ये जायला?"

वहिनीने आईंकडे पाहिलं. लग्न होऊन या घरात आल्यापासून तिने या बाईला खोटं बोलताना पाहिलं नव्हतं. त्यामुळे आईंना ते नीट जमतही नव्हतं. कान लाल झाले होते. म्हणजे हे बरं नव्हे, हे आईंनाही कुठेतरी कळलं होतं. वहिनीला वाटलं, गप्प राहिलं तर आज दुपारी जेवण हसतखेळत होईल. हे निवृत्त होताना ताठ मानेने घरी येतील. आणि पुढची वीस वर्षं मी यांच्या ताटात त्याच गव्हाची पोळी वाढेन.

"पाच गठ्ठे दोनदा झोडलेत," ती म्हणाली. "सगळे सत्तावीस नंबरचे. मी होते पाखडायला. वजनं चिठ्ठ्यांच्या मागे आहेत."

आता आईचं फडकं थांबलं.

"कुणी झोडले?" दादाने विचारलं. पण तो आईकडे पाहत होता.

"मी," आई म्हणाली. आणि मग सुनेकडे न बघता, "हिला कुणी विचारलं होतं?"

"तुला कधीपासून माहीत होतं हे?" दादाने आता बायकोकडे तोंड वळवलं.

"झोडले तेव्हापासून. त्याने काय होतं ते कळून आठ दिवस झाले."

"आठ दिवस," दादा म्हणाला. तो रागावला असता तर वहिनीला बरं वाटलं असतं. त्याने फक्त चष्मा काढला आणि टेबलावर ठेवला.

धाकटी एव्हाना शेडमध्ये जाऊन चिठ्ठ्या घेऊनही आली होती. ती उभ्यानेच आकडे वजा करत होती. या दोघींचं कधी फारसं जमलं नव्हतं. वहिनीच्या मते नणंद कोरडी होती आणि नणंदेच्या मते वहिनी सगळं मनात ठेवणारी. दोन्ही मतं बरोबर होती. आज मात्र धाकटीने खुर्ची सरकवून वहिनीला आपल्या शेजारी बसायला जागा केली.

"दुसरी झोडणी काढून टाकली तर अडीचचे होतात एकोणतीस," ती म्हणाली. "शंभरातून एकोणतीस वेळा नुसत्या नशिबाने."

"तीनशे ग्रॅमने?" मामा म्हणाले. "अगं, तीनशे ग्रॅम म्हणजे काय असतं? मांजर खाईल एवढं."

"मांजर गहू खात नाही, मामा. आणि फक्त कमी पडलेल्या वाफ्यांत भर घातलीय. खड्डे तेवढे बुजवलेत. त्यामुळे लेकाचे सगळे वाफे एकसारखे चांगले दिसतात."

"अक्का, तुला कुणी सांगितलं होतं हे उद्योग करायला?"

मघापर्यंत मामा आईच्या बाजूने होते. आता नव्हते. त्यांची बाजू नेहमीच वाण जिकडे जाईल तिकडे असायची.

"मी म्हणतो," त्यांनी आवाज खाली आणला, "हे आपल्या पाच जणांतच आहे ना? घरातली गोष्ट."

दादाने चष्मा पुन्हा घातला. "गठ्ठे आहेत अजून?" त्याने विचारलं. अहवाल जाईपर्यंत काड फेकायचं नाही असा केंद्राचा नियम होता.

"सोळाही आहेत," धाकटी म्हणाली. "राहिलेले अकरा दुसऱ्यांदा झोडले तर सगळे सारखे होतील. आठ आप्पांचे, तीन तुझे. सगळे दोनदा झोडले, असं अहवालात स्पष्ट लिहू. चालतं ते."

"मी माणसं बोलावतो," मामा उठले.

"कुणी हात लावायचा नाही," आई म्हणाली. ती पहिल्यांदाच खुर्चीवर बसली होती, आणि आता उठत होती. "पाच मी झोडलेत. अकराही मीच झोडणार."

"आई, गुडघे," दादा म्हणाला.

"गुडघ्यांनी झोडत नाहीत."

दादाने बहिणीकडे पाहिलं, तिने नाही म्हणावं म्हणून. पण धाकटी म्हणाली, "तिचं बरोबर आहे. हात तोच हवा. दुसऱ्या कुणी झोडलं तर पुन्हा असमान होईल."

"चिठ्ठ्या काढून ठेवूया का?" वहिनीने हळूच विचारलं. "म्हणजे कोणता गठ्ठा कुणाचा ते आईंना कळायला नको."

"उपयोग नाही. आप्पांच्या गव्हाचं कुसळ तांबूस, याचा गहू बिनकुसळाचा. ती डोळे मिटूनही सांगेल." धाकटीने कागद आवरले. "तिच्यावर सोडायचं, दुसरं काय."

मग शेडमध्ये सगळ्यांनी आपापल्या जागा घेतल्या. जमिनीवर ताडपत्री अंथरली. गठ्ठ्यांचा क्रम धाकटीने चिठ्ठ्या टाकून ठरवला, कारण चिठ्ठ्या टाकल्याशिवाय तिला जेवणाला काय करायचं हेही ठरवता येत नसे. प्रत्येक गठ्ठ्याला अर्धा तास. आईने पदर खोचला, काठी हातात तोलून पाहिली आणि सुरुवात केली. दादा झोडलेलं काड उचलत होता. वहिनी सुपाने पाखडत होती. मामा दारात उभे राहून घड्याळ बघत होते, ते काम त्यांना चांगलं जमायचं.

वहिनीची नजर सुपावर कमी आणि आईंच्या हातावर जास्त होती. आप्पांच्या प्रत्येक गठ्ठ्यातून जितका दाणा निघेल तितका सत्तावीस नंबर मागे जाणार, हे आईंना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. आणि हात थोडा हलका पडला तर ते जगात कुणालाही कळलं नसतं. पंचाहत्तरी ओलांडलेली बाई, गुडघेदुखी, मे महिन्यातलं ऊन. कुणी बोट दाखवलं नसतं. वहिनीला स्वतःचाच राग येत होता, पण ती पाहत राहिली. तिला नक्की काय बघायचं होतं ते तिचं तिलाही ठाऊक नव्हतं.

पहिले चार झाले. लेकाच्या गठ्ठ्यातून तीनशेच्या आसपास निघत होता, आप्पांच्या गठ्ठ्यातून शंभराच्या आसपास.

"याचा दाणा ओंबीला घट्ट धरून बसतो," दादा पुटपुटला. "यंत्रात सुटत नाही. आप्पांचा सैल आहे." तो खुशीत आला होता आणि ते दिसू नये म्हणून धडपडत होता. "म्हणजे दुसरी झोडणी आमच्याच फायद्याची."

"बघू," धाकटी म्हणाली. "आकडे बघू."

पाचवा गठ्ठा आप्पांचा होता. आईने तो सोडला, पसरला आणि काठी उचलून तशीच उभी राहिली. तांबूस कुसळं तिच्या पायांशी पसरली होती. वहिनीचे हात सुपावर थांबले. मामांनी घड्याळ बघितलं. आईने पदराने कपाळ पुसलं आणि काठी खाली आणली. पुढचे सगळे गठ्ठे तिने न थांबता झोडले. मध्ये दादाने पाणी आणून दिलं, तेवढं प्यायली. जेवायला कुणी उठलं नाही. तिसऱ्या प्रहरापर्यंत तिचे वार सकाळपेक्षा जोरात येत होते. वहिनीला वाटलं, माझ्यावरचा राग काढतायत. काढोत बापड्या.

साडेतीनला अकरावा गठ्ठा संपला. धाकटीने वजनं लिहून घेतली आणि शेडमधल्या लाकडी पेटीवर बसूनच गणित मांडलं. गणितात तिला कुणी मध्ये बोललेलं चालत नसे. आई बाहेर कट्ट्यावर जाऊन टेकली होती.

"सरासरी फरक चारशे बारा ग्रॅम," ती म्हणाली. "सकाळी चारशे होता."

"म्हणजे वाढला," मामा म्हणाले. "झालं तर मग. कर सही."

"शंभरात सहा."

"सहा म्हणजे?"

"पाचाच्या आत हवं होतं."

मामांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग दादाकडे. "हे काय गौडबंगाल आहे? फरक वाढला आणि तरी नापास?"

"आईने खड्डे बुजवले होते तेव्हा आठही जोड्या एकमेकींसारख्या दिसत होत्या. आता खरे चढउतार दिसतायत. कुठे नऊशेच्या वर फरक, कुठे उलटा. आकडे इतके हलत असले की आठ जोड्यांवर तेवढा विश्वास ठेवता येत नाही."

"पण पाचच का? सहा का नाही?"

"कुणीतरी कधीतरी ठरवलं," धाकटी म्हणाली. "पाचात देव नाही आणि सहात भूत नाही, हे मलाही कळतं. पण पेरणीच्या आधी आपणच लिहून दिलंय, पाच. खाली दादाची सही आहे. निकाल बघून रेघ सरकवायची असेल तर मग पेरायचं तरी कशाला?"

"अगं, भाऊ आहे तुझा."

"म्हणूनच," ती म्हणाली. ती पुन्हा कागदावर वाकली. वहिनीने तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि नणंदेने तो झटकला नाही.

दादा ताडपत्रीवरचे चार दाणे बोटाने एका ठिकाणी गोळा करत होता. एकदा त्याने दारातून बाहेर कट्ट्याकडे पाहिलं. "सहा लिही," तो म्हणाला.

"दादा, फरक सिद्ध झाला नाही याचा अर्थ फरक नाही असा होत नाही. तुझा गहू चांगला असेलही. बहुतेक आहेच."

"ते मला नको सांगूस. मी तेच तीस वर्षं दुसऱ्यांना सांगत आलोय." तो उठला. "लिही. आणि दोनदा झोडलं हेही लिही. आईचं नाव घालू नकोस."

सव्वाचारला धाकटीची सही झाली आणि दादा मोटारसायकलवर अहवाल घेऊन निघाला. तो बायकोशी बोलला नाही, पण जाताना हेल्मेट तिच्याकडे मागितलं. ते त्याच्या समोरच खुंटीला होतं. वहिनीने काढून दिलं. मामा दुकानात काय सांगायचं याचा विचार करत पायी गेले. जाताना ते अक्काला काहीच बोलले नाहीत, हे त्या दिवसातलं त्यांचं सगळ्यात शहाणपणाचं काम.

पाणी घेऊन वहिनी कट्ट्यावर गेली. आईंनी तळहात उघडे मांडीवर ठेवले होते. दोन्हीकडे फोड आले होते.

"मलम लावते," वहिनी म्हणाली.

"काय निघालं?"

"सहा. पाच हवे होते."

"म्हणजे अगदी थोडक्यात."

"थोडक्यात." आत धाकटीने तिला हळूच सांगितलं होतं, आप्पांच्या प्रत्येक गठ्ठ्यातून मूठभर दाणा कमी निघाला असता, पन्नास ग्रॅम, तर सत्तावीस नंबर सुटला असता. ते सांगावं की न सांगावं, असं वहिनीच्या मनात चाललं होतं.

"माझा हात हलका पडला असता तर?" आईंनीच विचारलं.

"तर झाला असता पास."

आईंनी मान हलवली. सकाळचा राग कुठे दिसत नव्हता. दमलेल्या होत्या. वहिनीने त्यांचा उजवा हात आपल्या हातात घेतला आणि मलम लावायला सुरुवात केली.

"पाचव्या गठ्ठ्याला मनात आलं होतं माझ्या," आई म्हणाल्या. "खोटं कशाला बोलू, एकदा बोलून बसले सकाळी. म्हटलं, हे तर गेले. त्यांचं जे व्हायचं ते नाव होऊन गेलं. याचं राहिलंय. थोडा हात आखडता घेतला तर कुणाचं काय जातंय."

"पण नाही घेतलात. मी बघत होते."

"माहीत आहे, तू बघत होतीस." त्यांनी हात ओढून घेतला नाही. "इतकी लाज वाटली बघ मला त्या विचाराची. मग पुढे यांचा गठ्ठा आला की मी जरा जास्तच झोडत गेले. याचे आले तेव्हा नेहमीसारखे. यांचे मात्र अगदी शेवटचा दाणा निघेपर्यंत. म्हटलं, मनात आलेलं पाप फिटू दे."

वहिनीचं बोट फोडाच्या कडेला थांबलं. मूठभर दाणा, धाकटी म्हणाली होती. मग तिने डावा हात पुढे घेतला आणि त्यालाही मलम लावलं, सावकाश, नीट. फाटकाबाहेर मोटारसायकलचा आवाज केव्हाच विरला होता. आईंनी जे सांगितलं ते तिने कुणालाही सांगितलं नाही, शंकाबाईला तर नाहीच.